टॅरोची पानं डोक्यात बसवताना : चिठ्ठ्या, तक्ता आणि वहीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा जण टॅरोची पानं, म्हणजे ७८ चित्रमय पत्त्यांचा संच, घेऊन बसतात आणि चित्रं बघून बोलतात. वर्ग नाही, फी नाही, चहा आहे. मी सत्तावीस वर्षं दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. त्यामुळे पानांचे अर्थ काय, यापेक्षा ते डोक्यात बसवायचे कसे, हेच लोक मला जास्त विचारतात. प्रश्न तेच ते असतात. कधी जिन्यात, कधी तलावपाळीवर फिरताना आणि बहुतेकदा रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय.

तयार तक्ते, पुस्तिका, अ‍ॅप सगळं मिळतं. मग स्वतः करत बसायची दगदग कशाला?

शिकवणीला दोन प्रकारची मुलं यायची. एक गाइड करकरीत ठेवणारी, दुसरी स्वतःच्या वहीत सूत्रं लिहून लिहून वहीचा चोथा करणारी. परीक्षेत काय व्हायचं ते सांगायला नको. टॅरोच्या बाबतीत मी मात्र सुरुवातीला पहिल्या प्रकारातच होते. एक छापील यादी आणली होती, प्रत्येक पानापुढे पाच इंग्रजी शब्द. महिन्याभरात ट्रान्सफॉर्मेशन, अबंडन्स, अलाइनमेंट घडाघडा म्हणायला लागले. एकदा नणंद आली होती. तिने सहज एक पान उचललं आणि विचारलं, "अगं वहिनी, म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, अलाइनमेंट. ती म्हणाली, "गाडीच्या चाकांचं करतात ते?" यादी त्याच आठवड्यात रद्दीत गेली.

तयार साहित्य वाईट असतं असं नाही. पण चित्र बघणं, त्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवणं आणि त्याला आपला शब्द शोधणं, ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी उरकून ठेवलेली असतात. आणि शिकायचं असतं ते नेमकं तेच.

७८ पानं! एवढं पाठ व्हायचं कधी?

७८ पाठ करायचीच नसतात. गणित मांडून बघा. मोठी पानं २२, त्यांना मेजर आर्काना म्हणतात. उरलेली ५६ म्हणजे छोटी पानं, चार रंगांची (छड्या, प्याले, तलवारी, नाणी), प्रत्येकी चौदा : एक्क्यापासून दहापर्यंत दहा आणि दरबारातली चार (राजा, राणी, शिलेदार, हुजऱ्या). आता चार रंगांचे चार स्वभाव कळले आणि एक ते दहा आकड्यांचे दहा स्वभाव कळले, की चाळीस पानांचा सांगाडा उभा राहिला. दरबारातल्या चार पायऱ्या कळल्या की आणखी सोळा. म्हणजे २२ अधिक ४ अधिक १० अधिक ४, एकूण ४० गोष्टी. जवळजवळ निम्मं काम.

आपल्याकडे हे नवीन नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा. त्यात राजा, प्रधान आणि एक ते दहा. खेळणारे काही १२० पानं सुटी सुटी घोकत बसत नसत. त्यांना दहा अवतार ठाऊक होते आणि बारा पायऱ्या.

रोज तीन पानं घेतली तरी सव्वीस दिवस लागतात. मी रोज एकच घ्या म्हणते. अकरा आठवडे आणि वर एक दिवस. गणपतीत सुरू केलंत तर दिवाळीचा फराळ संपून गेला तरी अभ्यास चालूच असेल, असू दे.

कोणत्या डेकवरून, म्हणजे पानांच्या कोणत्या संचावरून, अभ्यास करू?

रायडर-वेट-स्मिथ. १९०९ साली लंडनमध्ये तो निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची आणि प्रकाशक रायडर. कित्येक वर्षं खोक्यावर चित्रकर्तीचं नावच नसे, म्हणून मी मुद्दाम तिसरं नाव जोडून म्हणते.

अभ्यासाला हा डेक सोपा जातो कारण यात छोट्या पानांवरही प्रसंग आहेत. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये सात तलवारींचं पान म्हणजे सात तलवारींची नक्षी. इथे मात्र एक माणूस पाच तलवारी कवेत घेऊन चवड्यांवर पळतोय, मागे वळून बघतोय, आणि दोन तलवारी तशाच रोवलेल्या राहिल्यात. गोष्ट समोर असली की अर्थ घोकावा लागत नाही.

एक खाचखळगा सांगून ठेवते. मोठ्या पानांपैकी मार्सेयमध्ये न्याय आठवा आणि सामर्थ्य अकरावं. वेट यांनी ही दोन्ही अदलाबदल केली. दोन वेगळ्या पुस्तकांतून टिपणं काढणारा माणूस इथे हमखास अडखळतो आणि आपलीच वही चुकली असं समजतो.

नेमकं काय काय बनवायचं?

तीन गोष्टी. चिठ्ठ्या, एक तक्ता आणि एक वही. चौथी करायला जाऊ नका. रंगीत पेनं, वॉशी टेप आणि स्टिकर आणण्यात गोखले रोडवर दोन संध्याकाळी जातात आणि अभ्यास केल्याचं समाधान फुकटात मिळतं.

चिठ्ठ्या म्हणजे ७८ छोटे कार्डाचे तुकडे. पुढे चित्र किंवा नुसतं नाव, मागे तुमचा मजकूर. तक्ता म्हणजे मोठ्या कार्डशीटवर आखलेली चौकटी जाळी : आडवे चार रंग, उभे दहा आकडे. चाळीस घरं. ती एकदम भरायची नाहीत. आधी फक्त कडेचे मथळे लिहायचे. प्याला म्हणजे भावना आणि नाती, पाच म्हणजे घडी विस्कटणं. मग त्या घरात काय यावं याचा आपणच अंदाज बांधायचा, आणि त्यानंतर पान उघडून बघायचं. पाच प्याल्यांच्या पानावर काळी शाल पांघरलेला माणूस सांडलेल्या तीन प्याल्यांकडे मान खाली घालून बघत उभा आहे. अंदाज जुळला की जो आनंद होतो तो बीजगणितातल्या उत्तराच्या आनंदासारखाच असतो. कुठे जुळत नाही, तिथे लाल पेनाने टिंब द्या. लाल टिंबांची घरंच पुढे जास्त लक्षात राहतात.

वहीबद्दल शेवटी सांगते.

चिठ्ठीच्या मागे काय लिहायचं?

तीन ओळी, चौथी नाही.

पहिल्या ओळीत जे दिसतं ते, पंचनामा लिहिल्यासारखं. अर्थ नाही, मत नाही. "माणूस, काळी शाल, तीन सांडलेले, दोन मागे उभे, पूल, पलीकडे घर." बहुतेकांना मागचे दोन प्याले आणि पूल दिसतच नाहीत, कारण त्यांनी आधी अर्थ वाचलेला असतो : दुःख. त्या माणसालाही ते दिसत नाहीयेत, तेच तर पान आहे.

दुसऱ्या ओळीत तुमचा एक शब्द. एकच.

तिसऱ्या ओळीत पानातली एक बारीक खूण, जी दुसऱ्या पानातही आहे. हा माझा आवडता खेळ. डोळ्यांवर पट्टी दोन तलवारींच्या पानात आहे आणि आठ तलवारींच्याही. न्यायाच्या पानात मात्र नाही, तिथे डोळे उघडे आहेत. आडवा पाडलेला इंग्रजी आठ जादूगाराच्या डोक्यावर आहे, सामर्थ्यातल्या बाईच्या डोक्यावर आहे आणि दोन नाण्यांच्या पानात तो चक्क दोरीसारखा नाण्यांभोवती फिरतो. मृत्यूच्या पानात दूरवर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य दिसतो; चंद्राच्या पानातही तसेच दोन मनोरे. अशा खुणांनी पानं एकमेकांना बांधली जातात. एक आठवलं की दुसरं त्याच्या मागोमाग येतं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

मराठीत. याबाबतीत मी हट्टी आहे. पुस्तकं इंग्रजी, चित्रावरची नावं इंग्रजी, मग मराठीचा अट्टहास कशाला, असं दर नवीन माणूस विचारतो. कारण असं, की इंग्रजी शब्द तयार मिळतो आणि मराठी शब्द शोधावा लागतो. शोधताना चार वेळा चित्राकडे बघावं लागतं.

टेम्परन्सचं पान घ्या. देवदूत दोन प्याल्यांमधून पाणी एकातून दुसऱ्यात ओततोय, एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. मी पहिल्यांदा लिहिलं "संयम". शब्दकोशाला धरून बरोबर, पण संयम म्हटलं की मला दात-ओठ आवळलेला माणूस दिसतो आणि इथे तर कुणीच काही आवळत नाहीये. खोडलं. "मिताचार" लिहिलं. हा शब्द मी उभ्या आयुष्यात कधी तोंडाने उच्चारलेला नव्हता. खोडलं. "समतोल" लिहिलं, पण तराजू न्यायाच्या हातात आहे. खोडलं. चौथ्या दिवशी शेजारची सून लेकाला दूध देत होती. गरम होतं म्हणून पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात वर-खाली करत होती. "थांब रे, निववून देते," म्हणाली. मी स्वयंपाकघरात धावत गेले आणि चिठ्ठीवर लिहिलं : निववणं.

तो शब्द कुठल्याही यादीत मिळाला नसता. आणि आता ते पान कुणी भांडणाच्या प्रश्नावर काढलं, तर मला संयम बाळगा असं म्हणावंसं वाटत नाही. थोडं वर-खाली करा, निवू द्या, असं तोंडात येतं.

दुसरं उदाहरण "द फूल" (Fool) या इंग्रजी नावाच्या पानाचं. "मूर्ख" लिहिलं की तो कड्यावरून पडणारच असं वाटतं. "भोळा" लिहिलं की त्याच्या हातातलं पांढरं फूल आणि पायाशी उड्या मारणारं कुत्रंही दिसतं. आणि हँग्ड मॅनला "फाशी" लिहू नका, हात जोडते. तो एका पायाने उलटा टांगलेला आहे, डोक्याभोवती तेजोवलय, चेहरा शांत. आमच्यातल्या एकाने लिहिलंय, "अंग टांगणीला, जीव नाही." मला ते इतकं आवडलं की मी ढापलं.

रंगांसाठी नवे शब्द घडवायची गरज नाही, आपल्या पत्त्यांत ते आहेतच. छड्या म्हणजे किलवर, प्याले म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, नाणी म्हणजे चौकट. एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी हेही आहे. "प्याल्याची पंजी" म्हटलं की पान एकदम मेंढीकोट खेळणाऱ्या घरातलं होतं, परकं राहत नाही.

म्हणी वापरल्या तर चालतील?

चालतील काय, पळतील. कोसळणारा मनोरा, वीज पडून उडालेला मुकुट : गर्वाचं घर खाली. सैतानाच्या पानात दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या इतक्या सैल आहेत की डोक्यावरून काढता येतील, तरी कुणी काढत नाही : धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दहा छड्यांची मोळी वाहून वाकलेला माणूस : घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. छडीचा शिलेदार, घोडा उधळलेला : उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. चार प्याल्यांच्या पानात हाताची घडी घालून झाडाखाली बसलेला तरुण, ढगातून आलेला हात प्याला पुढे करतोय आणि हा बघतही नाही : लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हा तोंड धुवायला गेला.

मात्र म्हण ठोकून बसवू नका. सात-आठ पानांना ती चपखल बसते, बाकीच्यांना ओढूनताणून. स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून म्हणींचा कोश चाळायला मजा येते (संस्था १८९३ पासूनची आहे, खुर्च्या अर्थातच नंतरच्या), पण तिथून ७८ म्हणी भरून आणल्यात तर त्या पुन्हा पाठच कराव्या लागतील.

चित्रं सगळी युरोपातली. बर्फ, चर्च, सरदार. आपल्याशी संबंध कसा लावायचा?

वहीत प्रत्येक पानासाठी "हे मी ठाण्यात कुठे पाहिलं" अशी एक ओळ ठेवा. दहा छड्या मला सकाळी पावणेनऊला स्टेशनच्या पुलावर दिसतात : पाठीला लॅपटॉपची बॅग, पुढे डब्याची पिशवी, हातात पोराचं प्रोजेक्ट. आठ नाण्यांचं पान, एकटा कारागीर बाकावर बसून एकामागून एक नाणी ठोकतोय, ते मला जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत दिसतं.

सहा तलवारींच्या पानाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. होडीत पाठमोरी बाई, शेजारी मूल, पुढे उभ्या रोवलेल्या सहा तलवारी, मागे उभा नावाडी. सगळी पुस्तकं म्हणतात दुःखाकडून शांततेकडे प्रवास. आमच्यात एक काका आहेत, चेंदणी कोळीवाड्यातले. त्यांनी पान हातात धरलं आणि म्हणाले, "वल्हवत नाहीये हा. उभ्याने काठी टेकवत नेतोय. म्हणजे पाणी उथळ आहे, बुडायची भीती नाही." खाडीकाठी वाढलेल्या माणसाला जे दिसलं ते मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीवर आता तोच शब्द आहे : उथळ.

पण चित्रातली वस्तू बदलू नका. पाच नाण्यांच्या पानात दोन फाटके लोक बर्फातून चाललेत आणि वर चर्चची उजळलेली खिडकी आहे. बर्फाच्या जागी जुलैतला पाऊस कल्पिला तर बिघडत नाही. खिडकी मात्र हवीच. आसरा शेजारी असून नजर वर जात नाही, हे खिडकीशिवाय सांगताच येणार नाही.

मृत्यूचं पान चिठ्ठीवर लिहून घरात ठेवायचं? सासूबाईंना चालत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका, तेरा आकडा लिहा. चिठ्ठी तुमच्यापुरती आहे. वहीत मात्र चित्राचा पंचनामा नीट करा : पांढऱ्या घोड्यावर चिलखतातला सांगाडा, खाली पडलेला राजा, समोर धर्मगुरू, मान वळवलेली तरुणी आणि एक लहान मूल जे न घाबरता बघतंय. मागे सूर्य. तुमच्या घरी कुणी पान बघितलंच तर आधी ते मूल दाखवा.

मूळ चित्रांच्या रंगीत प्रती काढणं कायद्यात बसतं का?

१९०९च्या मूळ चित्रांच्या, हो. आपल्याकडे कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पामेला कोलमन स्मिथ १९५१ साली गेल्या, म्हणजे भारतात ती मुदत २०११ अखेर संपली. वेट तर त्याआधीच, १९४२ साली गेले होते. नंतर कुणी नव्याने रंगवलेल्या किंवा आजच्या चित्रकारांनी काढलेल्या डेकची गोष्ट वेगळी. त्यांचे हक्क जिवंत आहेत. तो डेक विकत घेतला असेल तर सरळ त्याच्याच पानांवरून अभ्यास करा आणि चिठ्ठीवर नुसतं नाव लिहा.

कागद कोणता, माप किती, लॅमिनेशन करू का?

टॅरोचं नेहमीचं पान ७० बाय १२० मिलिमीटरचं. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. तीन पानं शेजारी ठेवली की बरोबर २१० भरतात, आणि इथेच सगळे फसतात, कारण प्रिंटर कडेला समास सोडतोच. दोन्ही बाजूंची चित्रं कापली जातात. म्हणून चित्र थोडं लहान करा. ५४ बाय ९२ ठेवलं तर एका कागदावर नऊ बसतात, नऊ कागदांत ७८ पानं आणि तीन घरं उरतात. ती तीन कोरी कापून ठेवा. एखादी चिठ्ठी चहात पडतेच.

साधा झेरॉक्सचा कागद नको, मागचा मजकूर पुढे दिसतो. जाडसर कार्डशीट मागा. दुकानदार जीएसएम विचारेल, अडीचशे ते तीनशे म्हणा. कापायचं काम दुकानातल्या कटिंग मशीनवरच करून घ्या, कात्रीने ७८ तुकडे सारखे येत नाहीत.

लॅमिनेशनबद्दल माझं मत अनुभवाने कडू आहे. पहिला संच मी एका दुकानात लॅमिनेट करून घेतला. कडा अगदी टोकाला कापल्या होत्या, प्लॅस्टिकची किनार शिल्लकच नव्हती. जुलैत हवेतला ओलावा आत शिरला आणि ऑगस्टपर्यंत चिठ्ठ्या पापडासारख्या फुगल्या. शिवाय लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर खोडता येत नाही, आणि न खोडता येणारी चिठ्ठी काय कामाची? आता मी पेन्सिलने लिहिते, डब्यात ठेवते आणि पावसाळ्यात डब्यात औषधाच्या बाटलीतून निघालेल्या दोन-तीन सिलिकाच्या पुड्या टाकते.

उजळणी किती वेळा करायची?

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरजोड्या स्वतः पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. त्यामुळे एकाच रात्री पन्नास वेळा घोकण्यापेक्षा अंतर वाढवत नेत पाच-सहा वेळा बघणं फायद्याचं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली याची कप्प्यांच्या खोक्याची सोपी पद्धत मांडली, तीच आम्ही वापरतो.

मिठाईचा रिकामा पुडा घ्या. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे उभे लावून चार कप्पे करा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात सरकते. दुसरा कप्पा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात परत, मग ती चौथ्यातून पडलेली असली तरी. इथे स्वतःला सवलत देऊ नका. "आलंच होतं जवळजवळ" हे वाक्य मी सत्तावीस वर्षं ऐकलंय.

अ‍ॅपवर केलं तर?

करा. अंकी नावाचं अ‍ॅप हाच कप्प्यांचा हिशोब आपोआप ठेवतं. ठाण्याहून वाशीला रोज ट्रान्स-हार्बरने जाणाऱ्यांना उभ्या गर्दीत पुडा उघडता येत नाही, मोबाइल निघतो. अट एकच : दुसऱ्याने केलेला तयार संच उतरवून घेऊ नका, स्वतःच्या चिठ्ठ्या त्यात चढवा.

उलट्या पानांसाठी, म्हणजे काढताना डोकं खाली आलेल्या पानांसाठी, वेगळ्या चिठ्ठ्या?

नकोत. आधी सुलट पक्कं होऊ द्या. नंतर त्याच चिठ्ठीच्या तळाशी, कागद उलटा धरून, एक शब्द लिहा. उलट म्हणजे विरुद्ध असं धरून चालू नका. बऱ्याचदा ते अडलेलं, उशिरा आलेलं किंवा अति झालेलं असतं.

राजा, राणी, शिलेदार, हुजऱ्या एकमेकांत मिसळतात. काय करू?

सगळ्यांचेच मिसळतात. ओळखीची माणसं नेमून द्या. हुजऱ्या म्हणजे नुकतं शिकायला लागलेलं पोर, शिलेदार म्हणजे बाहेर पडून धावणारा, राणी त्या रंगात मुरलेली, राजा तो रंग चालवणारा. मग सोळा माणसं शोधा : कॉलनीचे सेक्रेटरी, भाजीवाल्या मावशी, आतेभाऊ. फक्त चिठ्ठीवर खरं नाव लिहू नका. माझी तलवारीची राणी कोण हे एका लग्नानंतर आमच्याकडे राहायला आलेल्या पाहुणीला डबा उघडल्यावर कळलं. तिला ते पान दिसायला आवडलं, एवढंच नशीब.

ग्रह, राशी, चक्रं, तत्त्वं हे सगळं चिठ्ठीवर जोडू का?

तत्त्वं जोडा, कारण ती कामाला येतात : छडी तेज, प्याला आप, तलवार वायू, नाणं पृथ्वी. बाकीचं थांबवा. वेट आणि स्मिथ दोघंही लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात होते. १८८८ साली निघालेल्या त्या मंडळाने पानांना राशी, ग्रह आणि हिब्रू अक्षरं जोडली होती. सामर्थ्याला सिंह, न्यायाला तूळ. आठ-अकराची अदलाबदल त्यातूनच आली. म्हणजे ती एक अख्खी वेगळी इमारत आहे. तिच्यावर आपली नक्षत्रं आणि चक्रं चढवली की चिठ्ठीवर दहा शब्द होतात आणि चित्र बघायला जागा उरत नाही. माझ्याकडे एक ताई नऊ रंगांच्या शाईत लिहिलेली वही घेऊन आल्या होत्या. सुंदर होती. त्यांना एकही पान सांगता येत नव्हतं.

हे सगळं अंधश्रद्धेतच मोडतं ना?

पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पानं खेळायला निघाली. भविष्य सांगायला त्यांचा सर्रास वापर अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. मी त्यांच्यावरून नोकरी कधी लागेल, मुलगी कुठली मिळेल हे सांगत नाही, आणि कुणी पैसे घेऊन संकट टाळून देतो म्हणालं तर तिथून उठून यावं. आमच्यासाठी चित्रं बघून बोलायचा तो एक बहाणा आहे. तुमचं मत वेगळं असेल तर चहाला या, वाद घालू.

तयारी झाली की नाही हे कसं ओळखायचं?

दोघांनी बसा. एकाने पान उचलून फक्त पंचनामा सांगायचा, नाव आणि आकडा नाही. दुसऱ्याने ओळखायचं. "माणूस पलंगावर उठून बसलाय, तोंड हातांत" एवढ्यावर नऊ तलवारी आल्या पाहिजेत. त्यानंतर तीन पानं ओळीत मांडून एक गोष्ट रचायची, एका दमात, न थांबता. अडलात तर कुठल्या पानावर अडलात ते बघा आणि त्याची चिठ्ठी पहिल्या कप्प्यात टाका.

आणि वही? ती कधी पुरी होते?

वहीत प्रत्येक पानाला एक अख्खं पृष्ठ द्या आणि समोरचं कोरं सोडा. डाव्या बाजूला खोडलेले शब्द तसेच राहू द्या, व्हाइटनर लावू नका. माझ्या वहीत टेम्परन्सच्या पृष्ठावर तीन खोडलेले शब्द आहेत, पामेलाबाईंच्या चित्राची वेडीवाकडी नक्कल आहे आणि कोपऱ्यात दुधाचा एक डाग, खराखुरा. कोऱ्या बाजूवर वर्ष-दीड वर्षाने नवीन काही सुचतं. काही पृष्ठं अजून कोरी आहेत.

पाठ झालेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं?

चौथ्या कप्प्यातून दोनदा सुटली की चिठ्ठी पुड्याबाहेर काढा आणि नवीन येणाऱ्याला नुसतं चित्र बघायला द्या, मागचा शब्द खोडरबराने पुसून. माझ्या पुड्यात सध्या नऊ उरल्यात. त्यांत तीन शिलेदार आहेत. तलवारीचा गेल्या गुरुवारी पुन्हा पहिल्या कप्प्यात गेला.